तिकिटांचा चिमटा

तिसरं तिकीट फाटलं तशी शर्वरीनं ओले हात झटकले.

"आई, ही तिकिटं माझ्या बोटांना जुमानत नाहीत. जरा नख लागलं की संपलं."

परातीत कोमट पाणी होतं आणि त्यात जुन्या पाकिटांचे कापलेले कोपरे तरंगत होते. डिंक सुटला की पोस्टाचं तिकीट कागदापासून वेगळं होतं. ते उचलायचं आणि वर्तमानपत्रावर उपडं वाळत घालायचं, एवढंच काम. पण भिजलेलं तिकीट दुधाच्या सायीसारखं असतं. माझ्याकडूनही सकाळपासून एक इंजिन आणि अर्धा मोर गेला होता.

"तुझ्या काकांना नको बसवू त्या परातीपाशी," माझी बायको मंदा म्हणाली. "त्यांचा जन्म पेपरात दुसऱ्याचा मजकूर कापण्यात गेला. नाजूक काम त्यांचं नव्हे."

वहिनी हसल्या, उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा लहान चिमटा होता. टोकं चपटी आणि गोल, एक पाय मधोमध किंचित वाकलेला.

"घे. बाबांचा आहे. यानं उचल."

शर्वरीनं चिमटा घेतला, उलटासुलटा करून पाहिला. मग परातीतून एक तिकीट अलगद उचललं आणि कागदावर ठेवलं. ते अजिबात फाटलं नाही.

"बघ," वहिनी म्हणाल्या, आणि वरण उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात पळाल्या.

मी त्या चिमट्याकडे पाहत राहिलो. शर्वरी खाली मान घालून पुढचं तिकीट उचलत होती.

"अहो, तुमच्या पुठ्ठ्यावरचा डिंक वाळतोय," मंदा म्हणाली.

शर्वरीचं लग्न तोंडावर आलं होतं. ती कोल्हापूरला चित्रकला शिकलेली, तेव्हा रुखवतात साखरेची तुळस आणि लोकरीची बदकं मांडायला तिनं साफ नकार दिला होता. तिला एक वाळकी फांदी उभी करायची होती आणि तिच्यावर घरातल्या सगळ्या माणसांचे टॅग लटकवायचे होते. टॅग म्हणजे खाकी पुठ्ठ्याच्या तळहाताएवढ्या चिठ्ठ्या, वरचे दोन कोपरे तिरपे कापलेले, भोक पाडून दोरा ओवलेला. चहाच्या पाण्यात भिजवून पिवळट केलेल्या कागदावर जुना फोटो, फोटोच्या कडेला त्या माणसाचं काहीतरी, आणि मागची सगळी बाजू तिकिटांनी भरलेली. माझे वडील रेल्वेत होते, त्यांच्या टॅगवर इंजिनाचं तिकीट आणि गणवेशाचं पितळी बटण. आईच्या टॅगवर तिच्या इरकलीच्या काठाचा तुकडा. मंदाच्या टॅगवर शर्वरीनं मिरचीचं चित्र चिकटवलं, त्यावरून दोन दिवस घरात हसणं चाललं होतं.

तिकिटं माझ्या थोरल्या भावाची होती, दिगंबरदादाची. शाळेपासून त्यानं ती जमवली होती. तो पंपांच्या सुट्या भागांचा विक्रेता म्हणून गावोगाव हिंडायचा आणि जिथं उतरेल तिथल्या दुकानदाराकडून जुनी पाकिटं मागून आणायचा. शर्वरी नववीत असताना तो नेहमीसारखा सकाळच्या गाडीनं फिरतीवर गेला आणि परत आला नाही. घरात भांडण नव्हतं, बाहेर कुणाशी वाकडं नव्हतं. आम्ही शोधलं तेवढं शोधलं. पुढं माझी आई वारली, ती दाराकडे तोंड करून. वहिनींनी कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही, आणि मिरजेत आमच्या ओळखीच्या कुणी तसं सुचवलंही नाही. निदान त्यांच्या तोंडावर नाही.

गेलेल्या माणसांच्या टॅगवर पांढऱ्या मण्यांची बारीक माळ ओवायची, ही कल्पना शर्वरीचीच.

"लग्नात मेलेल्यांचं प्रदर्शन कशाला गं?" मंदानं विचारलं होतं.

"काकू, ती आशीर्वादाला आलीत. माळ नाही घातली तर लोक त्यांच्या तब्येतीची चौकशी करतील."

दादाच्या टॅगचं काय, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. फक्त, चिमटा निघाला त्या दिवशी आम्ही घरी जायला निघालो तेव्हा शर्वरीनं मला एक फोटो दिला. दादा स्कूटरवर बसलाय, कुणाकडे तरी बघून हसतोय.

"काका, याचे छोटे दोन प्रिंट काढून आणा."

"दोन?"

"एक कापताना बिघडला तर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच वहिनींकडे गेलो. माझी पाळी संध्याकाळची असायची. शर्वरी आणि मंदा बांगड्या भरायला बाजारात गेल्या होत्या. वहिनी गच्चीत वाळलेली तिकिटं डब्यात भरत होत्या.

मी पायरीवर बसलो. विचारायचं कसं, याची जुळणी मी घरून करून आलो होतो, पण प्रत्यक्षात सरळच विचारलं.

"वहिनी, चिमटा कुठून आला?"

"कपाटातून."

"दादा गेला तेव्हा 'हरवले आहेत' म्हणून पेपरात जे छापलं, ते मी लिहिलं होतं. तुम्ही सांगत होता आणि मी लिहीत होतो. पांढरा सदरा, करडी पँट, उजव्या भुवईवर जुना व्रण. सदऱ्याच्या खिशात तिकिटं उचलायचा स्टीलचा चिमटा, एक पाय वाकलेला. तुम्हीच म्हणालात, हे घाला, यावरून कुणीही ओळखेल."

त्यांचे हात थांबले. गच्चीत वारा नव्हता, तरी त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

"माझ्या लक्षातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "तिचं तिकीट फाटत होतं, मला वाटलं, द्यावा. हाताशीच होता. एवढी वर्षं सांभाळला, आणि फाटलेल्या तिकिटापायी काढून दिला."

बातमीदारीत एक शिकावं लागतं. समोरचा बोलायला लागला की गप्प बसायचं.

"राज्याच्या सीमेपलीकडच्या एका गावातून पोलिसांचा फोन आला होता. तुमच्या त्या मजकुरावरूनच. ते गेल्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. दुपारी मी एकटी होते घरात, सासूबाई निजलेल्या. म्हणाले, ओळख पटवायला या. मी गेले."

"एकटी?"

"एकटी. तिथं काही नव्हतं भाऊजी. नदीत सापडले होते, केव्हाच अग्नी दिला होता त्या लोकांनी. एक फोटो दाखवला. फोटोवरून मला नसतं सांगता आलं. मग कागदाची पुडी उघडली, त्यात हा होता. याचा पाय यांनी कशानं वाकवला ठाऊक आहे? लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला गेले होते. मी ओरडले होते त्यांच्यावर. त्या पोलिसासमोर मला तेच आठवलं, की आपण ओरडलो होतो."

"पण मग सांगितलं का नाही?"

"कुणाला? सासूबाईंना? त्या रोज संध्याकाळी दाराशी पाट टाकून बसायच्या. पोरीच्या तोंडावर दहावीची परीक्षा. म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग म्हटलं, सासूबाईंचं पायाचं ऑपरेशन होऊ दे. मग त्या अंथरुणालाच खिळल्या. सांगायचं राहिलं की ते दिवसेंदिवस जड होत जातं. शेवटी उचलतच नाही."

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"श्राद्ध?"

"करते. सर्वपित्री अमावास्येला. देवापुढं बसते, पान वाढते, गाईला घालते. शर्वरी विचारायची, कुणाचं गं? मी म्हणायची, सगळ्यांचं."

"लग्न होऊ दे," मी म्हणालो. "मग बघू."

"लग्नाचंच तर आहे." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कन्यादानाला तुम्ही आणि मंदा बसणार, ते ठीक. पण हळद, भाऊजी. मुलीला पहिली हळद आई लावते. सवाष्ण आई. बाहेरच्या जगाला मी सवाष्ण आहे. मला ठाऊक आहे मी कोण आहे. मी लावू का नको?"

"तुम्ही नाही लावणार तर कोण लावणार?"

"असं नका बोलू. तुम्ही पेपरवाले, तुमचा या गोष्टींवर विश्वास नाही. माझा आहे. सणावाराला ओटी भरून घेतली, हळदीकुंकवाला गेले, ते पाप मी माझ्या डोक्यावर घेतलं. ते माझं माझ्यापाशी. पण उद्या हिच्या संसारात काही वाकडं झालं, तर लोक म्हणतील नशीब. मला मात्र कळेल, कुणाच्या हातानं झालं."

त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं.

"आणि लावली नाही," त्या म्हणाल्या, "तर ती विचारणार, का नाही लावलीस. एवढ्या एका दिवसासाठी मी हे कुंकू ठेवलंय हो. तिच्या अंगाला माझा हात आधी लागावा म्हणून. आणि आता तो दिवस आला तर हात उचलत नाही."

जिन्यावर बांगड्यांचा आवाज आला. वहिनी डबा घेऊन उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आलात? दाखव बघू, हिरव्या घेतल्यास ना?"

नंतरचे दिवस कामात गेले. बाकीचे टॅग आम्ही सगळ्यांनी मिळून केले. दादाचा तेवढा शर्वरीनं एकटीनं, आपल्या खोलीत बसून केला. आणून दाखवला तेव्हा त्याच्या पुढच्या बाजूला स्कूटरवरचा हसणारा फोटो होता, कोपऱ्यात एक मोठं तिकीट होतं, आणि माळ नव्हती.

"मागं तिकिटं कुठली लावलीस?" मी विचारलं.

"ओलं आहे अजून, हात लावू नका," ती म्हणाली आणि आत घेऊन गेली.

वहिनींनी तो टॅग पाहिला आणि माळ नाही हेही पाहिलं. "छान झालाय," म्हणाल्या आणि पुन्हा लाडवांच्या परातीकडे वळल्या.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात हळदीला पाट मांडला. मुलाकडची उष्टी हळद आली होती. शर्वरीच्या आजेसासूबाई खुर्चीत बसून सूत्रं हलवत होत्या. बाई वाईट नव्हत्या. जुन्या होत्या, आणि त्यांचा आवाज मोठा होता.

"पाच सवाष्णी या गं पुढं. चला, मुहूर्ताला उशीर नको."

हळदीची वाटी वहिनींच्या हातात होती. त्या पाटापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या. मग वाटी मंदापुढं धरून म्हणाल्या, "मंदा, तू लाव आधी. माझी कंबर धरलीय, वाकवत नाही."

मंदाला काही कळेना. "ताई, असं काय? तुमचा मान आहे."

"लाव गं."

"असू दे, काकूंनाच लावू दे आधी," आजेसासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "मुलीच्या आईचं वागणं समजूतदारपणाचं आहे. माणूस हयात आहे की नाही याचा पत्ता नसताना कुणी पुढं होऊ नये. शुभकार्यात शंका नसलेली बरी."

आजूबाजूच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मंदाचा चेहरा लाल झाला. ती आता काहीतरी बोलणार आणि सगळं बिघडणार, असं मला वाटलं.

शर्वरी पाटावर बसली होती. ती उठली नाही, तिनं आवाजही चढवला नाही.

"आजी, मला शंका नाही," ती म्हणाली. मग आईकडे पाहिलं. "आई, कंबर धरली असेल तर मी मान वर करते. तू वाकू नकोस. पण तुझ्याआधी कुणाचा हात लागला तर मी धुऊन टाकीन."

आणि तिनं खरंच डोळे मिटून चेहरा वर केला.

वहिनी तशाच उभ्या होत्या. वाटी मंदाच्या आणि त्यांच्या हातांच्या मध्ये. मग त्यांनी वाटी आपल्याकडे घेतली, बोटं बुडवली, आणि मुलीच्या दोन्ही गालांवर हळद लावली. कपाळाला, गळ्याला, हातांना लावली. लावतच राहिल्या. शेवटी मंदानं हलकेच कोपर धरून त्यांना बाजूला घेतलं. आजेसासूबाईंनी पुढच्या बाईला हाक मारली आणि कार्य पुढं सरकलं.

मी तिथून निघालो आणि रुखवत मांडलं होतं त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. लोक अजून जमायचे होते. कार्यालयाच्या माणसानं तिथला उभा पंखा नुकताच सुरू केला होता, आणि फांदीवरचे टॅग आपापल्या दोऱ्यांवर फिरत होते. वडील फिरले, आई फिरली, मिरचीवाली मंदा फिरली. सगळ्यांच्या मागं तिकिटंच तिकिटं.

दादाचा टॅग फिरला. त्याच्या मागं एकही तिकीट नव्हतं.

मागच्या बाजूलाही तोच फोटो होता, स्कूटरवरचा. मी आणलेला दुसरा प्रिंट. त्याच्याभोवती पांढऱ्या मण्यांची माळ होती. इतरांच्या माळांपेक्षा बारीक, मणी न् मणी सारखा. टॅग पुन्हा फिरला आणि दादा माळेवाचून हसू लागला. पुन्हा फिरला.

शेजारी कुणीतरी आलं. वहिनी होत्या, हात धुवायला निघालेल्या. त्यांनीही पाहिलं. एकदा ही बाजू, एकदा ती. मी पंखा बंद करायला वाकलो.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात पुढं करून टॅग दोन बोटांत धरला, माळ नसलेली बाजू लोकांकडे येईल असा, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. सोडला तेव्हा पुठ्ठ्याच्या कडेवर ओल्या हळदीचा ठसा उमटला होता.

पाठवणीच्या वेळी रुखवत टेम्पोत चढवलं. फांदीही गेली. गाडीत बसण्याआधी शर्वरीनं फांदीवरून आधीच काढून ठेवलेला एक टॅग आईच्या हातात दिला आणि गाडीत बसली. रडल्या दोघीही, पण लग्नात सगळ्याच रडतात तितपतच.

मांडवपरतणीला शर्वरी नवऱ्याबरोबर आली, तेव्हा आम्ही दोघं वहिनींकडेच होतो. जावई माझ्याशी क्रिकेटवर बोलू लागले. वहिनी पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. कपाळावर लहानशी काळी टिकली होती. जावई बोलता बोलता थांबले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. शर्वरीनं पेला घेतला, पाणी प्यायली आणि पेला खाली ठेवला.

दादाचा टॅग दाराशेजारच्या खिळ्याला टांगला होता. कुणी आत-बाहेर केलं की दोऱ्यावर फिरायचा. शर्वरी उठली, खिळ्यापाशी गेली, माळेची बाजू पुढं घेतली आणि दोऱ्याला खिळ्याभोवती दुहेरी गाठ मारली. टॅग फिरायचा थांबला. मग येऊन आईशेजारी बसली.

"काका, आता तुम्ही छापा," ती मला म्हणाली. "हरवल्याचं तुम्हीच छापलं होतंत. मला ते पाठ आहे. चिमट्यासकट."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला होता. मी खिशातून पेन काढलं, समोरच्या वर्तमानपत्राचा कोरा कोपरा फाडला. निधनाच्या बातमीला नाव लागतं, वय लागतं, मागं कोण आहे ते लागतं. एवढं मला ठाऊक होतं. एकच गोष्ट नव्हती.

"वहिनी, तारीख?"

"खरी कुणालाच माहीत नाही." त्यांनी पदर खाली घेतला. "मला कळलं, तो दिवस घाला. मी त्या गावाला जाऊन आले तो. शर्वरीचा मराठीचा पेपर होता ना दहावीचा, त्याच्या आदल्या दिवशी."

शर्वरी आईकडे वळली.

"आदल्या दिवशी तू कोल्हापूरला गेली होतीस," ती म्हणाली. "अंबाबाईला. माझ्या परीक्षेसाठी."

वहिनींनी रिकामे पेले एकात एक ठेवले.

"संध्याकाळी आलीस. मला जवळ बसवून प्रसाद भरवलास. मी म्हटलं, अजून एक दे, तर तुझा वाटा पण मला दिलास."

"हो."

"आई, प्रसाद होता तो."

"त्या गावच्या स्टँडवरून घेतले होते पेढे," वहिनी म्हणाल्या. "गाडी सुटता सुटता."